गच्चीची किल्ली

सहकारी गृहनिर्माण संस्थेचा ताळेबंद वाचणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. वार्षिक सभेत तो प्रत्येकाच्या हातात असतो. लोक त्याने वारा घेतात, त्यावर बटाटेवडा ठेवतात आणि शेवटी खजिनदारांचे आभार मानून त्याची घडी खिशात घालतात. पण मी पडलो वाणिज्य शाखेचा पदवीधर, त्यातून बँकेतला कारकून. छापील आकडा दिसला की नजर आपोआप जमेकडून नावेकडे फिरते. आमच्या ठाण्याच्या संस्थेच्या मालमत्तेत इमारत आहे, लिफ्ट आहे, पाण्याचा पंप आहे, ऑफिसातलं लोखंडी कपाट आहे आणि त्या कपाटातली सतरंजीसुद्धा आहे. सगळ्यांवर दरसाल घसारा लावलेला आहे. एक गोष्ट मात्र त्या यादीत कुठेच नाही, ती म्हणजे डोक्यावरचं आकाश. बांधणीखर्च शून्य, दुरुस्ती शून्य, घसारा शून्य, आणि सर्व सभासदांचा हिस्सा समसमान. अशी मालमत्ता आपल्या डोळ्यांदेखत बुडाली आणि बुडवणारे कुणी परके नव्हते. गच्चीला कुलूप घालणारे आपणच आणि आकाशाकडे तोंड करून दिवे लावणारेही आपणच, असं माझं स्पष्ट म्हणणं आहे.

हे म्हणणं पक्कं व्हायला निमित्त झालं एका दुर्बिणीचं. २०२४ च्या डिसेंबरात मी एक बारा इंची दुर्बीण बनवून घेतली.

बारा इंची म्हटलं की लोकांना शाळेतली फूटपट्टी आठवते आणि ते ‘अरे वा, छोटीशी आहे’ म्हणतात. बारा इंच हा तिच्या तळाशी बसवलेल्या आरशाचा व्यास. नळी पाच फुटांची, आणि ती डुलते प्लायवूडच्या एका भक्कम पेटीवर. एकूण देखावा उखळी तोफेचा. ती करणारे गृहस्थ डोंबिवलीचे. उभा जन्म एम.आय.डी.सी.तल्या एका कारखान्यात फिटर म्हणून काढला आणि निवृत्तीनंतर देवळाच्या कट्ट्यावर बसायच्या वयात काच घासायला बसले. दोन जाड काचा एकीवर एक ठेवायच्या, मध्ये कार्बोरंडमची पूड आणि पाणी, आणि घासत राहायचं. वरची काच हळूहळू खोलगट होते, खालची फुगीर. पूड बारीक बारीक करत न्यायची, शेवटी राळेच्या थरावर झिलई. महिने जातात. इतक्या खटाटोपानंतर माझ्या आरशाच्या मध्यभागी पडलेला खोलगटपणा किती, तर जेमतेम चार मिलिमीटर. आमच्याकडे फोडणीच्या पळीला याहून जास्त खळगा असतो.

पण त्या चार मिलिमीटरांचा आकार मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाइतकासुद्धा चुकून चालत नाही. बँकेत पाच रुपयांनी कॅश जुळली नाही तर आम्हाला रात्रीपर्यंत बसवून ठेवतात. इथे हिशेब त्याहून कडक. आणि तपासायचं साधन काय? एक बारीक दिवा आणि दाढीचं पातं. पॅरिसच्या फुको साहेबांनी ही युक्ती १८५८ मध्ये काढली, ती आजही डोंबिवलीत चालते. मी भीत भीत विचारलं, “नक्की बरोबर आहे ना?” तर फिटर काका चष्म्यावरून बघत म्हणाले, “नासाचा हबल दुर्बिणीचा आरसा केसाच्या पन्नासाव्या भागाने चुकला होता. १९९० साली वर पाठवली आणि ९३ साली वर जाऊन चष्मा लावावा लागला. मी दहा वेळा तपासलाय. घेऊन जा.”

घेऊन जाणे हे प्रकरण वेगळं. लोकलच्या मालडब्यातून नेऊ, असं मी सुचवून पाहिलं. काकांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी त्यांच्या नातवालाच मालडब्यात बसवायला निघालो आहे. अखेर टेम्पो ठरला. नळी आणि पेटी मागे, आणि आरसा जुन्या गोधडीत गुंडाळून माझ्या मांडीवर. कल्याण-शीळ रस्ता, शिळफाटा, मुंब्रा बायपास. त्या दिवसांत गुरू पृथ्वीच्या जवळ आलेला होता. तिथून निघालेला प्रकाश ठाण्यात ३४ मिनिटांत पोचत होता. डोंबिवलीहून निघालेला टेम्पो तीन तासांत पोचला.

संस्थेच्या फाटकात वॉचमनने वही पुढे केली. ‘नाव’ या रकान्यात त्याने ‘दुर्बीण’ लिहिलं, ‘कोणाकडे’ मध्ये माझा फ्लॅट नंबर, आणि ‘येण्याचे कारण’ या रकान्यापाशी पेन थांबवून माझ्याकडे बघितलं. प्रश्न रास्त होता. तोवर भोवती मंडळी जमली होती. कुणी गीझर म्हणालं, कुणी सोलर, कुणी तंदूर. दुर्बीण आहे म्हटल्यावर मात्र सगळे एकदम गप्प झाले, आणि मग तो प्रश्न आला जो मराठी माणूस बारशापासून तेराव्यापर्यंत कुठेही विचारू शकतो : “पण याचा उपयोग काय?”

इथे मला थोडं कडक बोलायचं आहे.

प्रश्न विचारणाऱ्यांपैकी एकाकडे सात जणांची मोटार आहे. घरात माणसं तीन, आणि ती मोटार स्टिल्टखाली मुक्कामाला असते. दुसऱ्यांच्या घरी चालण्याचं यंत्र आहे, त्यावर टॉवेल वाळतात. तिसऱ्यांच्या शोकेसमध्ये लग्नात आलेला कपबशांचा सेट आहे, ज्यातून आजवर कुणी चहा प्यालेला नाही. यांना कुणी उपयोग विचारत नाही. माझ्या दुर्बिणीला किंमत पडली एका बऱ्या मोटरसायकलीइतकी, तीही हप्त्याहप्त्याने साठवलेली. अंधारात माणसाच्या डोळ्याची बाहुली फार तर सात मिलिमीटर उघडते. बारा इंची आरसा त्या बाहुलीच्या सुमारे १९०० पट प्रकाश गोळा करतो. एका रुपयाचे एकोणीसशे करून देणारी योजना कुठल्याही बँकेत नाही, हे मी नोकरीत राहून सांगतो.

दुसरा आक्षेप तरुण पिढीचा : “काका, मोबाइलवर सगळं दिसतं, याच्यापेक्षा भारी.” दिसतं ना. लग्नाच्या अल्बममध्ये पंगतही दिसते, पण त्याने पोट भरत नाही. रोहिणी नक्षत्रातला तो तांबूस तारा घ्या. त्याचा प्रकाश आपल्यापर्यंत यायला सुमारे ६५ वर्षं लागतात. म्हणजे या डिसेंबरात माझ्या डोळ्यांत शिरलेला प्रकाश तिकडून निघाला तो १९६० च्या आगेमागे, महाराष्ट्र राज्य स्थापन होत होतं त्या सुमारास. इतकी वाट तुडवून आलेला पाहुणा दारात उभा असताना, तुमचा फोटो आहे आमच्याकडे म्हणून त्याला परत पाठवणं हे कुठल्या घराण्यात बसतं?

तिसरा आक्षेप कुजबुजीचा, लिफ्टमधला. दुर्बीण वर नेऊन हा माणूस लोकांच्या खिडक्यांत डोकावणार. तर सर्व भगिनींच्या माहितीसाठी निवेदन करतो, की चाळीस फुटांवरची खिडकी या दुर्बिणीत फोकसच होत नाही, आणि दूरची झालीच तरी ती उलटी दिसते. कुणाचा दिवाणखाना छताला टांगलेला बघण्यासाठी मी इतके पैसे घालवीन, असं वाटतं का? आणि समोरच्या विंगमध्ये काय चाललं आहे हे कळायला दुर्बीण लागते कशाला? व्हॉट्सऍपचा ग्रुप आहे.

चौथा आक्षेप मात्र लेखी आला. गच्ची ही ‘सुरक्षिततेच्या व गळतीच्या कारणास्तव’ बंद असून किल्ली मिळणार नाही. मी सेक्रेटरी साहेबांना भेटलो. “साहेब, मी वर जाऊन उभा राहणार. मी उभा राहिल्याने स्लॅब गळेल?” ते म्हणाले, “तुम्ही राहाल, उद्या दुसरे राहतील, परवा सगळेच म्हणतील आम्हाला आकाश बघायचंय.” म्हणजे भीती नेमकी तीच होती. त्याच गच्चीवर मोबाइल कंपनीचा मनोरा उभा आहे. त्याने गळती होत नाही, कारण तो भाडं देतो.

गच्ची ही इमारतीची सामाईक जागा. बांधताना बिल्डरची, बांधून झाल्यावर सर्वांची. स्टिल्टमधलं पार्किंग बिल्डरला स्वतंत्र विकता येत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली दिला आणि इमारतीच्या तळाचा प्रश्न मार्गी लावला. वरचा प्रश्न लोंबकळत आहे. गच्ची कुणी विकलेली नाही, कुणी विकतही घेतलेली नाही. नुसती किल्ली एका खिशात आहे. खिशातली किल्ली आणि मालकी यांतला फरक बँकेत पहिल्या आठवड्यात शिकवतात. तिजोरीची किल्ली माझ्याकडे असली म्हणून पैसे माझे होत नाहीत.

तशी आमची गच्ची वर्षातून एकदा उघडते, कोजागरीला. पुराणात लक्ष्मी त्या रात्री ‘कोण जागं आहे’ विचारत फिरते म्हणतात. आमच्याकडे ती आली तर तिला आधी ध्वनिक्षेपकावरून हौजीचे आकडे ऐकू येतील. चार कोपऱ्यांत चार हॅलोजन, मधे मसाला दुधाचं पातेलं, आणि त्या लखलखाटात दोनशे माणसं पाठ करून उभी. पाठ कुणाकडे? ज्याच्यासाठी जमली त्या चंद्राकडे. गेल्या कोजागरीला मी एका वहिनींना म्हटलं, “चंद्र बघितलात का?” त्या म्हणाल्या, “अय्या, निघाला का?”

आपला सगळा आकाशव्यवहार आता असाच कागदोपत्री झाला आहे. संकष्टीला चंद्रोदय होतो तो भिंतीवरच्या कॅलेंडरात. नऊ वाजून बारा मिनिटं झाली की आपण नैवेद्य दाखवतो, खिडकी उघडत नाही. लग्नात वधूवरांना ध्रुव, सप्तर्षी आणि अरुंधती दाखवण्याचा विधी आहे. हॉल दुपारी तीनपर्यंतच घेतलेला, म्हणून गुरुजी भर बारा वाजता ट्यूबलाइटकडे बोट दाखवतात आणि ती दोघं ट्यूबलाइटला नमस्कार करतात. खरी अरुंधती वसिष्ठाला चिकटून असते. आणि दुर्बिणीतून पाहिलं तर खुद्द वसिष्ठच दोन तारे निघतो. ही गोष्ट लग्नात सांगू नये हे मला मान्य आहे, पण निदान माहीत असावी.

“हे शास्त्रज्ञांचं काम, कारकुनांचं नव्हे,” असं खजिनदार म्हणाले. यावर मी त्यांना राधागोविंद चंद्र यांची हकीगत सांगितली. जेसोरच्या खजिना कचेरीत नाणी पारखणारे ते एक साधे कर्मचारी. शालान्त परीक्षेत पुन्हा पुन्हा नापास. पगार इतका तुटपुंजा, की सांगण्यात अर्थ नाही. दिवसा सरकारी नाणी खरी की खोटी ते बघायचं आणि रात्री घराच्या गच्चीवर रूपविकारी ताऱ्यांची तेजस्विता टिपून ठेवायची. ही टिपणं इतकी चोख होती, की १९२६ साली अमेरिकेतल्या निरीक्षकांच्या संघटनेने सहा इंची दुर्बीण समुद्रापलीकडून त्यांच्या गावी धाडली. आयुष्यात ३७००० वर निरीक्षणं. पुढे ती दुर्बीण वेणू बाप्पूंकडे आणि तिथून कावलूरच्या वेधशाळेत गेली. दुर्बीण गावी आली तेव्हा शेजाऱ्यांनी ‘उपयोग काय’ विचारलं की नाही, इतिहासात नोंद नाही. मी पैज लावायला तयार आहे.

आणि दुर्बीण मोठी असली म्हणून भागतं, असंही नाही. पुण्याच्या सायन्स कॉलेजात कावसजी दादाभाई नेगमवाला नावाचे प्राध्यापक होते. भावनगरच्या महाराजा तख्तसिंहजींच्या देणगीवर त्यांनी वेधशाळा उभारली. १८८८ साली तिचं काम सुरू झालं. डब्लिनच्या ग्रब कंपनीकडून वीस इंची दुर्बीण मुद्दाम बनवून आणली, त्या काळी देशातली सर्वांत मोठी. १८९८ चं खग्रास सूर्यग्रहण याच प्राध्यापकांनी सोलापूरकडच्या जेऊरला तळ ठोकून टिपलं. १९१२ साली ते निवृत्त झाले, आणि आपण काय केलं? वेधशाळा बंद केली, सामान बांधलं आणि कोडाईकनालला रवाना केलं. मोठी दुर्बीण आणवून घेणं आपल्याला शंभर वर्षांपूर्वीही जमलं होतं. ती उघड्या आकाशाखाली ठेवणं मात्र जमलं नाही.

माझ्या पेटीवरच्या दुर्बिणीची जात ‘डॉब्सनी’. जॉन डॉब्सन हे अमेरिकन गृहस्थ सॅन फ्रान्सिस्कोच्या वेदान्त मठात संन्यासी होते. भंगारातली काच, पुठ्ठ्याची नळी आणि प्लायवूड यांतून ते दुर्बिणी करायचे आणि रात्री रस्त्यावर नेऊन लोकांना तारे दाखवायचे. मठाला हे पसंत नव्हतं. मग ते पत्रांत दुर्बिणीला चक्क जिरेनियमचं झाड म्हणू लागले. पेटीवर बसवलेली दुर्बीण म्हणजे कुंडीतलं झाड, आणि आरसा लखलखीत झाला की झाडाला फूल आलं. अखेर १९६७ साली त्यांना मठ सोडावा लागला आणि पुढच्याच वर्षी त्यांनी मित्रांसह फुटपाथवरच्या खगोलप्रेमींची संघटना काढली. हे वाचून मी पुन्हा सेक्रेटरींकडे गेलो आणि गच्चीवर एक कुंडी ठेवायची परवानगी मागितली. ती लगेच मिळाली. कुंडीची मापं सांगितल्यावर रद्द झाली.

मग मीही डॉब्सन साहेबांचाच रस्ता धरला. एका रविवारी संध्याकाळी दुर्बीण फाटकाबाहेर, फुटपाथवर मांडली. वर दिवे भगभगत होते, पण चंद्र आणि गुरू दिव्यांना जुमानत नाहीत. पहिला आला वॉचमन. मग एक रिक्षावाला; त्याने मीटर चालू ठेवून आतल्या गिऱ्हाइकालाही खाली उतरवलं. क्लासवरून येणाऱ्या मुली, भाजीवाली मावशी, कुत्र्याला फिरवणारे एक निवृत्त इंजिनीयर. चंद्रावरची विवरं बघून मावशी म्हणाल्या, “आमच्या रस्त्यासारखंच आहे की!” तासाभरात रांग कोपऱ्यापर्यंत गेली. रांगेत सेक्रेटरींच्या सौभाग्यवतीही होत्या, हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

सर्वांत शेवटी तिसऱ्या मजल्यावरचे आजोबा आले, काठी टेकत. वय ऐंशीच्या पुढे, मूळचे गुहागरकडचे. त्यांनी गुरू बघितला, त्याच्या एका ओळीतले चार चंद्र मोजले आणि विचारलं, “हे रोज असतात?”

“रोज.”

“मग नोटीस कशी लागली नाही कधी!”

हसून झाल्यावर ते म्हणाले, “आता ती आकाशगंगा लाव. लहानपणी खळ्यात घोंगडीवर पडून बघायचो. या टोकापासून त्या टोकापर्यंत. ठाण्याला आल्यापासून दिसली नाही. तुझ्या यंत्रात मोठी दिसेल.”

मला त्यांना सांगावं लागलं, की आजोबा, तिला दुर्बीण लागत नाही. तिला काळोख लागतो. दुर्बीण डोंबिवलीत ऑर्डर देऊन मिळाली. काळोख मागणी नोंदवून मिळत नाही. आजोबा काही बोलले नाहीत. त्यांनी वरच्या दिव्याकडे एकदा बघितलं आणि ते लिफ्टकडे वळले.

भारनियमनाची वर्षं आठवा. डोंबिवली-कल्याणकडे तासन्‌तास वीज नसायची. त्या उकाड्याला आपण शिव्या मोजल्या आणि त्यात काही गैर नव्हतं. पण गच्चीवर चटई टाकली की मृगाचे तीन तारे दिसायचे, आणि बाप मुलाला बोटाने दाखवायचा. आता वीज आहे, चटई आहे, मुलगाही आहे. तारे नाहीत. वरून रस्त्यावरचे पिवळे दिवे जाऊन पांढरे आले. त्यांच्यात निळा भाग जास्त, आणि ज्या कारणाने दिवसा आकाश निळं दिसतं त्याच कारणाने तो रात्री हवेत जास्त पसरतो. त्यातून आमच्या इमारतीच्या माथ्यावर तिचं नाव रात्रभर पेटतं. ते वाचणारा वटवाघळाखेरीज कुणी नाही.

काही जण यावर उपनिषदाचा दाखला देतात, की ऋषींनीही अंधारातून उजेडाकडे नेण्याचीच प्रार्थना केली. केली, पण हॅलोजन आकाशाकडे तोंड करून लावा असं ऋषी कुठे म्हणाले नाहीत. मी दिव्यांच्या विरुद्ध नाही. रस्त्यावर उजेड हवाच, बायाबापड्यांना रात्री घरी यायचं असतं. मागणं एवढंच, की दिव्याला टोपी घाला आणि उजेड खाली पाडा, जिथे खड्डे आहेत. वर गेलेला उजेड कुणाच्या कामाचा नाही आणि त्याचं बिल मात्र देखभाल खर्चात आपणच भरतो. जानेवारी २०२४ मध्ये आपल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला भारतातलं पहिलं काळोख-उद्यान म्हणून मान्यता मिळाली. अभिमानाची गोष्ट आहे. पण नागपूरच्याही पलीकडे, वाघाच्या शेजारी जाऊन आकाशगंगा बघायची, हा सल्ला मी ऐंशीच्या पुढच्या माणसाला कसा देऊ?

म्हणून येत्या सर्वसाधारण सभेसाठी मी ठराव दिला आहे. एक, गच्चीची किल्ली वॉचमनकडे असावी आणि कुठल्याही सभासदाला वहीत सही करून ती मिळावी. दोन, गच्चीवरचे व आवारातले दिवे खाली तोंड करून बसवावेत, आणि इमारतीचं नाव अकरा वाजता निजवावं. तीन, दर अमावास्येला तासभर जिन्यातले आणि फाटकाजवळचे सोडून बाकी दिवे बंद ठेवावेत. एवढ्याने ठाण्यात आकाशगंगा उतरणार नाही, हे मला कळतं. पण एका इमारतीने सुरुवात केली तर दुसरीला नावं ठेवायला तरी जागा होते, आणि आपल्याकडे चळवळी तशाच पसरतात.

ठरावाला आजोबांनी अनुमोदन दिलं आहे. अर्ज खजिनदारांकडे नेला तर त्यांनी तो दोनदा वाचला आणि म्हणाले, “अंदाजे खर्चाचा रकाना रिकामा आहे.” मी तिथे शून्य लिहिलं. त्यांनी मान हलवली. “असं करू नका हो. शून्य खर्चाच्या कामाला आपल्या कमिटीत कुणी हात लावत नाही.”